इन-ऑफ

लग्न होऊन पेणहून रोह्याला आले, तेव्हा नवऱ्याच्या केमिकल कंपनीच्या क्लबात बिलियर्डचं टेबल होतं. गुरुवारी दुपारी क्लब बायकांसाठी राखीव असे. बाकीच्या हाऊजी खेळत. मला तिचा कंटाळा, म्हणून मी टेबलाकडे गेले.

गुण मांडायला नदीपलीकडच्या अष्टमी गावचे एक काका होते. मूळचे कँटीनमधले. जुन्या मॅनेजरनं त्यांना खेळ शिकवला होता, त्यांनी मला शिकवला. टेबलावर तीनच चेंडू, दोन पांढरे नि एक लाल. आपला पांढरा चेंडू दुसऱ्याला लागून स्वतःच टेबलाच्या कडेच्या जाळीत पडला की तो इन-ऑफ. लालला लागून पडला तर तीन गुण.

"म्हणजे आपलाच चेंडू घालवायचा?"

"व्हय. पण आधी दुसऱ्याला शिवायला पायजे, वयनी."

दोन वर्षांत मला इन-ऑफशिवाय काही आलं नाही. तो मात्र चांगला येऊ लागला. नवऱ्याला हे मी सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं.

मग नवे मॅनेजर आले. त्यांनी रंगीत चेंडूंची पेटी आणली. वार्षिक समारंभात त्यांच्या पत्नीशी माझा सामना ठरला. तिसरं कोणी नाव दिलं नव्हतं, त्यामुळे तोच अंतिम सामना. टेबलावर चेंडू बरेच वाढलेले दिसले. मला वाटलं, बरंच झालं.

तिसऱ्या फटक्याला माझा पांढरा चेंडू लालला हलकेच शिवून जाळीत गेला. काकांनी खड्या आवाजात पुकारलं, "इन-ऑफ! तीन!"

टाळ्या पडल्या.

"फाऊल," मॅनेजर म्हणाले. "हा स्नूकर आहे. समोरच्यांना चार."

"साहेब, टेबल तेच हाय," काका म्हणाले.

"खेळ वेगळा आहे."

काकांनी माझे तीन पुसले नि पलीकडे चार लिहिले. सगळ्यांसमोर त्यांचा चेहरा पडला, ते मला माझ्या फाऊलपेक्षा जास्त लागलं. पुढे मी आणखी दोन इन-ऑफ मारले आणि व्यवस्थित हरले. उपविजेती म्हणून स्टीलचा डबा मिळाला.

वरसे गावातल्या कंपनीच्या क्वार्टरकडे चालताना नवऱ्यानं विचारलं, "ते चुकून झालं?"

"नाही."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

त्यानं घराचं कुलूप काढलं. मग म्हणाला, "मला शिकवशील?"

गुरुवारी पुरुषांना बंदी होती. काकांनी आम्हाला रविवारची सकाळ दिली. सहा महिन्यांत त्याला एकही इन-ऑफ जमला नाही. दर रविवारी तो यायचा मात्र.