दीड तासावरची दुबई

मी बावीस वर्षं कोल्हापुरात भूगोल शिकवला. त्यातली निदान वीस वर्षं दमलेलाच होतो, त्यामुळं पुढच्या चुकीचं खापर मी थकव्यावर फोडणार आहे. वाचकांनी फोडू द्यावं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. त्या दिवशी नववीच्या तीन तुकड्यांना रेखावृत्तं शिकवून घसा बसला होता. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं, म्हणून पश्चिमेकडच्या गावांची घड्याळं मागं, हे तीनदा सांगून घरी आलो आणि पाय गरम पाण्यात सोडून बसलो. तेवढ्यात शेजारच्या चाची आल्या. हातात कागद. त्यांचा एकुलता मुलगा उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर होता, त्याला दुबईत काम मिळालं होतं. अडलं होतं ते चाचींच्या होकारावर. चाचा गेलेले, लेक गगनबावड्याला दिलेली, घरात उरला हाच.

“मास्तर, ह्ये इमान किती येळ घेतंय बघा की. लई लांब असंल तर मी न्हाई सोडनार त्येला.”

कागदावर एजंटानं लिहिलं होतं, मुंबईहून सुटणार सकाळी दहा, दुबईला पोचणार साडेअकरा.

“दीड तास,” मी म्हटलं.

“दीडच? माझ्या लेकीकडं जायाला यष्टी अडीच तास घेती की वो!”

त्यांचा चेहरा असा खुलला की मला चेव आला. पाय पुसून नकाशाचं पुस्तक काढलं, दोरा लावून अंतर मोजलं. जवळजवळ दोन हजार किलोमीटर. दीड तासात दोन हजार! इथं कुणीही शहाणा माणूस थबकला असता. मी म्हणालो, “विमानं आता फार सुधारलीत, चाची.”

चाचींनी होकार दिला आणि गल्लीभर सांगत सुटल्या, “लेकीपरास ल्योक जवळ हाय माझा. मास्तरांनी दोऱ्यानं मोजलंय.”

महिन्यानं त्याचं पत्र आलं. चाचींना वाचता येत नसे, वाचणारा अर्थात मीच. शनिवारची सकाळची शाळा उरकून आलो होतो, डोळे मिटत होते, तसाच वाचत गेलो. “विमानात तीन तास बसून पाय आखडले...”

जीभ तिथंच थांबली. एक अंश, चार मिनिटं. तीन तुकड्या.

“तीन? तुमी तर दीड म्हनला हुता.”

विमान वाटेत रेंगाळलं असेल, असं अगदी ओठावर आलं होतं. पण खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते. मी कबूल केलं. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास मागं, ते मी धरलंच नव्हतं.

“मग येताना?”

“येताना घड्याळात साडेचार दिसतील. पण खरे तीनच.”

“म्हंजी जायाला दीड आन् घरला यायाला साडेचार.”

“तसं नव्हे, चाची...”

“ऱ्हाऊ द्या.”

पत्राची घडी सरळ करत मीच विचारलं, “तीन सांगितले असते तर सोडलं असतंत त्याला?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. रागानं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं. मग पदर सारखा केला. “वाचा फुडं.”

पुढच्या ओळीत, पहिली रजा दोन वर्षांनी मिळेल, असं होतं. मी वाचलं. ते किती लांब, हे त्यांनी मला विचारलं नाही.