डॉक्टरांच्या कोटातले नाना

चहाचा ग्लास हातात दिला तरी नाना आधी तो दोनदा हलवायचे. उभा जन्म कंपाउंडरकीत गेलेला. ‘हलवून घ्या’ ही सवय जिभेला आणि मनगटाला सारखीच लागलेली. असा एखादा कंपाउंडर तुमच्याही गावात असेल. डॉक्टर वारले तरी ताप-खोकल्याला लोक नानांच्या ओसरीवर यायचे.

सोनगीरच्या पलीकडचं आमचं गाव. ऐंशीच्या दशकाअखेरीस वाचनालयाने आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी स्मशानात ‘पितरांची फेरी’ सुरू केली. घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरून झाली की लोक नदीकाठी यायचे. तिथं जुन्या माणसांच्या समाध्यांचे दगडी ओटे आहेत. प्रत्येक ओट्याशी एकजण त्या माणसाचा वेष घेऊन त्याची हकीकत सांगायचा. पैलवान, शाळा काढणारे गुरुजी, डॉक्टर. भाषणं मी लिहायचो. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, माझं वाक्य कुणाला खोडू देत नसे.

डॉक्टर नानाच व्हायचे, डॉक्टरांचाच जुना कोट घालून. “साहेब अंगाने भरलेले होते सर. मी म्हणजे खुंटी.”

तालमीत ते एका वाक्याशी अडले. ‘या गावातला एकही निरोप मी परत पाठवला नाही.’

“हे काढा ना सर.”

“का? चांगलं वाक्य आहे.”

“चांगलं आहे, म्हणूनच म्हणतो.”

मी काढलं नाही.

तिसऱ्या वर्षी नऊलाच ऊन अंगावर आलं होतं. नानांनी ते वाक्य दमल्या आवाजात कसंबसं म्हटलं, आणि आखाजीला माहेरी आलेली एक म्हातारी पुढे झाली. तिनं नानांना नाही, डॉक्टरांनाच विचारलं, का आला नाहीत म्हणून.

“डॉक्टरसाहेब, मना पोऱ्या याच गावमा तापमा गया. मी भाऊले धाडा व्हता. तुम्ही का बरं नही उनात?”

मागून कुणी हसलं, “अक्का, हाई नाटक शे!”

“तू गप ऱ्हाय.”

मला वाटलं, नाना वेळ मारून नेतील. त्यांनी कोट काढला, घडी करून ओट्यावर ठेवला आणि बनियनवर उभे राहिले.

“अक्का, निरोप त्यासले भेटनाच नही. दोन रातना जागेल व्हतात, दुपारले जरासा डोया लागना व्हता. मी म्हनं, घडीभर झोपू दे. तुना भाऊले मीच परत धाडा. साहेबले मी कधीच सांगं नही.”

“तीस वरीस मी राग धरा, या ओटाले हात जोडात नही,” म्हातारी म्हणाली. मग नानांच्या बाजूने पुढे गेली, डॉक्टरांच्या ओट्यावर डोकं टेकलं, आणि नानांकडे न बघता निघून गेली. फेरी तिथंच मोडली.

गाव त्यांना वाईट बोललं नाही. नुसतं ओसरीवर येईनासं झालं. ते वाक्य माझं होतं, पण माफी मागायचं मलाही सुचलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात नाना गेले. त्याआधी एकदा भर दुपारी त्यांच्याकडे गेलो होतो. भिंतीला पाठ न टेकता बसलेले, डोळे लाल.

“नाना, आडवे व्हा थोडे.”

“नको सर. कुणी आलं तर?”

गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं ऊन होतं. नाना तिकडेच बघत बसले होते.