मोदकाच्या जागी फोन

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. माझं मात्र डॉक्टरांनी रोह्यातच, सासरी, ठरवलं. "बस नको, रेल्वे नको, पेण तर नकोच," असं त्यांनी बजावलं. मी रडले, चिडले, काही कारण नसताना नवऱ्यावर तोंडसुख घेतलं. शेवटी आईच रोह्याला यायला तयार झाली.

बाबांना येणं शक्य नव्हतं. पेणला घराच्या मागे आमचा गणपतींचा कारखाना आणि श्रावण लागलेला. त्या दिवसांत बाबा जेवायलासुद्धा घरात येत नसत. त्यांना घोर लागला होता तो फोनचा. फोन पुढच्या खोलीत. आई नसली की तो उचलणार कोण? मागे रंगाच्या मशीनची घरघर, त्यात घंटा ऐकू येणं अशक्य.

"पोरीचं काय झालं ते मला कलनार कसं?" आईला ते सारखं विचारत होते.

मग कॉर्डलेस घ्यायचं ठरलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि पेणच्या दुकानात नुकतेच दोन-तीन नमुने आले होते. नवऱ्याने मला त्यांची चित्रं आणून दाखवली. मी पलंगावर पडल्या पडल्या दुधाळ रंगाचा, नाजूक फोन पसंत केला. दुसरा काळा, जाडजूड, वर हातभर अँटेना. असलं ध्यान घरात कोण ठेवील, असं मी म्हणाले. दुकानदार शहाणा होता. त्याने नवऱ्याला सांगितलं, "दुकानात सगलेच फोन लागतात. दोन्ही घरी नेऊन बघा."

माझा दुधाळ फोन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच मुका झाला. काळा मात्र परसापर्यंत पोचला. पण कारखान्याला वर पत्रे, आजूबाजूला पत्रे. आत शिरलं की नुसती खरखर. बाबा फोन कानाला लावून मूर्तींमधून फिरत होते आणि कारागीर तोंड फिरवून हसत होते. शेवटी मागच्या खिडकीपाशी, पुरुषभर उंचीवर, आवाज स्वच्छ आला. तिथे कोलाडच्या मंडळाची मोठी मूर्ती बसली होती. आमच्याकडे मोदक वेगळा करून सगळ्यात शेवटी बसवतात, त्यामुळे मूर्तीचा डावा तळहात मोकळाच होता. बाबांनी फोन त्या हातावर ठेवला. मग तो रोज सकाळी तिथे आणि संध्याकाळी चार्जिंगला घरात.

दुपारी मी फोन करायचे. "जेवलीस?" "हो." "बरी हाईस ना?" "हो." एवढंच. मग नुसती मागे मशीनची घरघर. तरीही मी फोन ठेवत नसे. लहानपणी त्याच आवाजात मी दुपारची झोपायचे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी मला कळा सुरू झाल्या. आईने दवाखान्यातून बाबांना तेवढं कळवलं. नेमका त्याच वेळी कोलाडचा टेम्पो दारात आला. पुढचं मला आमच्या जुन्या कारागीर काकांनी सांगितलं.

बाबांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी ताटकळत ठेवलं नव्हतं. त्या दिवशी मंडळाच्या पोरांना ते म्हणाले, "मोदक बसायचा हाय अजून."

मोदक समोर फळीवर रंगवून, सुकून तयार होता. तो सगळ्यांना दिसत होता. काका उठून तो घ्यायला गेले, तर बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत खाली बसले. फोन तिथेच शिडीच्या पायरीवर ठेवला असता तरी लागला असता, पण बाबांना हे कोण सांगणार? पोरांनी चहा घेतला, पुन्हा घेतला. ढोलवाले बाहेर वाजवून वाजवून दमले. "शेट, मोदक विकत आनू काय?" असं एकाने विचारलंही. बाबा मूर्तीसमोर स्टुलावर बसून होते, रिकामा ब्रश हातात धरून.

मला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत असं नर्सने सांगताच आईने दवाखान्याच्या फोनकडे धाव घेतली. मूर्तीच्या हातात घंटा वाजली तेव्हा ढोलवालेसुद्धा आत धावले, असं काका सांगतात.

आई मात्र माझ्याजवळ परत आली ती धुसफुसतच. "तुझ्या बापाला काय म्हनावं गो? मी सांगत्ये नात झाली, दोघी सुखरूप हायेत, आनि हा मानूस तिकडं वरडतोय, 'मोदक बसवा रे! न्या आता!'"