दिलेला ढावलो

वसमतच्या कॉलेजात मराठी शिकवणारे प्रेमदास राठोड म्हणजे सरळ माणूस. इतका सरळ की त्याचाही कधीकधी ताप व्हावा. शिरड शहापूरजवळच्या बंजारा तांड्यातून शिकून वर आलेले. तांड्यातली पोरगी सासरी निघते तेव्हा घरच्यांच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. रडणंही तेच आणि गाणंही तेच. सरांच्या आईला, नीलाबाईला, जसा ढावलो येई तसा पंचक्रोशीत कुणाला येत नसे.

२००३ साली सरांना त्यावर लेख लिहायची हुक्की आली. कागदबिगद नाहीच, म्हातारीला त्यांनी थेट आपली जुनी विद्यार्थिनी गुंजन हिच्या इंटरनेट कॅफेत आणून बसवलं. नीलाबाई डोळे मिटून गात राहिली आणि गुंजन टाइप करत राहिली. बाहेर बघ्यांची ही गर्दी! पुढं लेख इंटरनेटवरच्या एका नियतकालिकात आला, जगात कुणीही फुकट वाचावा असा. सरांना आभाळ ठेंगणं झालं.

मग संपादकांचा ईमेल आला आणि सरांच्या डोक्याचा पार भुगा झाला. लेख तुमचाच आहे, एक प्रत जवळ ठेवा, विद्यापीठाच्या संगणकावरही चढवा, आमची काही हरकत नाही. आता हे काय नवीन? लेकीला दिल्या घरी सुखी राहा म्हणायचं आणि वर तिला आपल्याच घरी ठेवून घ्यायचं?

"सर, तेच म्हणून राहिले ना, ठेवा म्हणून," गुंजन म्हणाली.

"ते भले लोक हायेत म्हणून म्हणतेत. आपण काहून हावरटपणा करायचा? पुसून टाक."

गुंजननं पुसला. सरांनी फ्लॉपीसुद्धा कोरी करून घेतली, तेव्हा कुठं त्यांचा जीव थाऱ्यावर आला.

पुढं नीलाबाई वारली. मग सरांच्या मुलीचं, शिलाचं लग्न ठरलं. तांड्यातल्या पोरींना एव्हाना बँडवरची गाणी तोंडपाठ, ढावलो कुणालाच नाही.

"बाबा, मी आजीचाच ढावलो म्हणणार. तुमच्या लेखातून काढून द्या," शिला म्हणाली.

"देतो की, त्यात काय," म्हणत सर तोऱ्यात कॅफेत गेले. पान काही उघडेना. गुंजननं हरतऱ्हेनं बघितलं.

"सर, ते नियतकालिकच बंद पडलं."

"पडू दे. पण लेख कुठं गेला?"

"कुठंच नाही."

"कुठंच न्हाई म्हणजे कुठं?"

सरांनी संपादकांना ईमेल केला, तो पत्ता चुकल्यासारखा परत आला. जन्मभर कानावर पडलेला ढावलो आहे, ऐन वेळी आठवेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि शिलालाही तसंच सांगितलं.

पाठवणीच्या वेळी शिला त्यांच्या गळ्यात पडली. पहिली ओळ तिला येत होती, ती तिनं आजीच्याच चालीत उचलली. बाया जवळ सरकल्या. मग ती थांबली आणि बापाच्या कानाशी म्हणाली, "बाबा, पुढं?"

सरांनी तोंड उघडलं. चाल सगळी आठवत होती, शब्द एकही येईना. घरात होता नव्हता तो ढावलो आपणच आपल्या हातानं पुसला, एवढं त्यांना कळलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. बायांना वाटलं, बापाला हुंदका आवरेना. त्याही डोळ्यांना पदर लावू लागल्या. शिलाला मात्र काय ते उमगलं. तिनं बापाला घट्ट धरलं आणि तीच पहिली ओळ पुन्हा म्हटली.