चांदवडला वाळलेला ऑक्टोपस

मे महिन्यात लोक समुद्रासाठी अलिबागला जातात, आम्ही चांदवडला गेलो. हसू नका. मी नाशिक रोडला राहते आणि गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी माती आणि तारेचे समुद्रातले प्राणी करते. खेकडे, कासवं, समुद्रघोडे, काय म्हणाल ते. खऱ्या समुद्राशी माझी ओळख म्हणाल तर लग्नानंतर एकदा घोट्यापर्यंत पाय भिजवले, तेवढीच.

बाकी सगळं जमायचं, ऑक्टोपस काही जमत नव्हता. आत तारेचा सांगाडा, वर माती. वाळला की हातांना तडे. गेल्या वर्षी कॉलनीच्या प्रदर्शनात तर भर गर्दीत त्याचा एक हात तुटून खाली पडला. माझी धाकटी नणंद लगेच म्हणाली, "वहिनी, सात हातांची पण जात असते का गं यांच्यात?" सगळे खो खो हसले. मीही हसले, पण कशी ते माझं मला माहीत! यंदा प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं आणि गच्चीवर सहावा ऑक्टोपस तडकला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. ह्यांना म्हटलं, "अहो, गाडी काढा. तार बदलते, माती बदलते. यंदा आठही हात शाबूत राहिले नाहीत तर हा नाद कायमचा सोडला."

"खरंच सोडशील?" ह्यांनी फार आशेने विचारलं.

रविवारी सकाळी सातला निघालो. उन्हाळ्यात जाणार असाल तर याहून उशीर करू नका, नंतर रस्ता तव्यासारखा तापतो. आणि टोलनाक्याआधी फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघून घ्या. आमच्यात नव्हते. त्यावरून गाडीत जी चर्चा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. पिंपळगावात मिसळ खाल्ली तेव्हा कुठे वातावरण निवळलं. तर्री जपून मागा, जाळ असतो नुसता.

द्राक्षांचा हंगाम संपला होता, पण बागांच्या मांडवांची कामं जोरात होती. मांडवाची तार ओढण्यात आयुष्य गेलेल्या तिथल्या शकूरभाईंचं नाव ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं. त्यांच्या दुकानात गेल्यागेल्या मी पिशवीतून ऑक्टोपसचा तुटका हात काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आतल्या तारेवरून नख फिरवलं.

"मॅडम, ही तार एकदम चिकनी आहे. मिट्टी पकडणार कशाला?"

त्यांनी तारेचे दोन पदर घेतले, दाराच्या कडीत अडकवले, पक्कडीने पीळ दिला आणि त्यावर सुतळी गच्च गुंडाळली. "आता ओढा ही सुतळी. पूरी ताकत लावा."

मी ओढली. सुतळी जागची हलली नाही, माझी बांगडी मात्र वाकली. तार किलोवर मिळते, दोन किलो घेतली. सुतळीचे पैसे शकूरभाईंनी घेतलेच नाहीत.

तिथून चांदवड अर्ध्या तासावर. तिथल्या कुसुमताई मडकी आणि चुली करतात, शिवाय थोडा कांदाही लावतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वाळवता कुठं?"

"गच्चीवर. कडक उन्हात."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अवो ताई, पापड हाय का तो? टोकं बारीक, ती आधी वाळत्यात. डोकं ओलंच. मंग ओढाताण व्हती. तडकंल नाय तर काय!"

चार वर्षं, सहा ऑक्टोपस, आणि चूक ही! मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग त्यांनी माती काढली आणि शेजारी घोड्याच्या लिदीचं घमेलं ठेवलं. लिदीतल्या गवताच्या बारीक काड्या माती धरून ठेवतात म्हणे. "घाला हात." मी भाजी तीन पाण्यांतून धुणारी बाई. पण आता माघार कसली? कोपरापर्यंत घातले हात. हे टेकडीवरच्या रेणुकादेवीचं दर्शन घेऊन आले, जेवले, लिंबाखाली घोरले, तोवर अंगणात ऑक्टोपस उभा राहिला होता.

"हे असतं कुठं?" कुसुमताईंनी विचारलं.

"समुद्रात."

"तुमी पाह्यलंय?"

"नाही."

"मंग आठ हात हायेत हे कुनी मोजलं?"

मी पुन्हा एकदा मोजून घेतले. त्यांनी हातांची टोकं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मागच्या कांद्याच्या चाळीत फळीवर ऑक्टोपस ठेवून दिला. चाळ म्हणजे बांबूच्या फटींची, जमिनीपासून उचललेली. वर सावली, खालून वारा. "कांदा हितं सहा महिने ऱ्हातो. तुमचा आठहात्या आठ दिवस नाय ऱ्हानार? मी रोज फडकं बघते. फोन करू नका." मी रोज दोनदा केला.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. मी थेट चाळीत शिरले. बोट लावून मोजले. एक, दोन, तीन... आठ! एक तडा नाही, केसाएवढासुद्धा नाही! मी किंचाळले आणि कुसुमताईंना घट्ट मिठी मारली.

परतताना गोधडीत गुंडाळलेला ऑक्टोपस माझ्या मांडीवर आणि गाडी तीसच्या वेगाने. मागून ट्रकवाले बोंबलत होते. "आपल्या वरातीत पण इतकी हळू नव्हती गाडी," हे म्हणाले, पण एकही गतिरोधक जोरात घेतला नाही. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, हे त्यांना सांगू नका.

आठवडाभरात रंगवला. प्रदर्शनात त्याच्याभोवती ही गर्दी! नणंदबाईंनी हात मोजले. मग एकाला टिचकी मारून पाहिली. मग वाकून वास घेतला.

"वहिनी, कांद्याचा वास येतोय."

"येणारच. चांदवडचा आहे."

"मला पण एक करून दे ना, शोकेसमध्ये ठेवायला."

"नंबर लाव," मी म्हटलं. अहाहा! काय बरं वाटलं म्हणून सांगू!

दोन फेऱ्यांचं पेट्रोल, तार आणि मिसळ धरली तर बाजारात एखादं शोपीस स्वस्तात आलं असतं, हे ह्यांनी घरी आल्यावर हिशोब करून सांगितलंच. मी लक्ष दिलं नाही. तारेला पीळ किती द्यायचा ते आता माझ्या बोटांना कळतं, आणि सावलीत धीर धरायला मी शिकले. यंदा कासवंसुद्धा पलंगाखाली वाळताहेत.

संध्याकाळी कुसुमताईंना फोन लावला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "आठीच्या आठी हायेत ना?"

"आठही! सगळे बघत राहिले!"

फोन कानाला तसाच ठेवून त्या गल्लीत ओरडल्या, "अगं ए, आपला आठहात्या जिंकला! नाशकात पहिला आला!" पलीकडे बायकांचा एकच गलका झाला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

आमच्या प्रदर्शनात नंबरबिंबर काही काढत नाहीत. पण ते सांगायला मी काही गेले नाही.