भावजी आणि बटाट्याचं ऑम्लेट

बहारीनमध्ये आजवर जे जे अपघात झाले नाहीत, ते सगळे आमच्या थोरल्या भावजींमुळे झाले नाहीत, अशी माझी ठाम समजूत आहे. थोरले भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ. मूळचे साताऱ्याचे, पण तीस वर्षं इथल्या एका कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर, आणि राजधानी मनामातल्या आमच्याच इमारतीत बरोब्बर आमच्या डोक्यावर राहायला. इतर माणसं घरी आली की नोकरी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतात. भावजी ती अंगात घालूनच जेवायला बसायचे. लिफ्टमध्ये शिरले की आधी वजनाची पाटी वाचायचे, मग उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे बघून मनात बेरीज करायचे. एकदा बेरीज जुळेना, तेव्हा त्यांनी पाचव्या मजल्यावरच्या धिप्पाड इजिप्शियन बाईंना अत्यंत नम्रपणे विचारलं, "मॅडम, यू आर हाऊ मच?" त्या बाईंनी पुढे वर्षभर भावजी दिसले की जिना धरला. भावजींना त्यात काहीच खटकलं नाही. मला म्हणाले, "समजूतदार बाई आहे गं. लोड कमी केला." आमच्या मुलाच्या बारशाला लोकांनी चांदीच्या वाट्या आणल्या, झबली-टोपडी आणली, भावजींनी लाल फीत बांधलेला आग विझवायचा सिलिंडर आणला आणि पाळण्याला टेकवून उभा केला. त्या दिवसाच्या एकाही फोटोत बाळ नीट दिसत नाही, सिलिंडर मात्र प्रत्येक फोटोत आहे.

आमच्या वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, या बाबतीत अगदी उलट. बाहेर पडताना भावजी जिन्यातून ओरडायचे, "गॅस बंद केलास ना?" आणि वहिनी तीस वर्षं एकच उत्तर द्यायच्या, "नाही. घर पेटलं की निघू." त्यावर भावजी खरोखर परत वर जायचे, शेगडीला हात लावून बघायचे, आणि खाली येऊन गंभीरपणे सांगायचे, "बंद होता." असा हा संसार. त्यात एकच मुलगी, माझी पुतणी. इथेच वाढली, त्यामुळे आईबापांचं सगळं मराठी तिला समजतं आणि उत्तर अर्धं इंग्रजीत येतं. ती सखीरच्या रेसट्रॅकवर पाहुण्यांची व्यवस्था बघायच्या कामाला लागली आणि तिथे एका स्पॅनिश मुलाशी तिचं जमलं. मुलगा रेसच्या गाड्यांची चाकं बदलणाऱ्या टोळीतला. "पंक्चर काढतो?" एवढंच वहिनींनी विचारलं आणि नाही म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. भावजींचं समाधान इतकं स्वस्त नव्हतं. मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा चारही चाकं दोन-तीन सेकंदांत बदलतो हे ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आफ्टर चेंजिंग, हू चेक्स द नट?" मुलगा हसून म्हणाला, "नोबडी, सर. नो टाइम." भावजी दोन दिवस नीट जेवले नाहीत.

पोरगा चांगला होता, मुलीने मन पक्कं केलं होतं, आणि लग्नानंतर ती त्याच्या गावी, स्पेनला राहणार होती. या शेवटच्या गोष्टीबद्दल भावजी एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मग रेसच्या आधीच्या आठवड्यात त्या मुलाची आई बहारीनला यायची ठरली, शुक्रवारी दुपारी भावजींकडे जेवायला यायचीही ठरली, आणि पुतणी बोलता बोलता सांगून गेली की त्याच्या घरी रविवारी बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट व्हायचं, त्याचे वडील करायचे, ते आता नाहीत. भावजींनी दोन मिनिटं विचार केला आणि जाहीर केलं, "आपण करायचं." वहिनी म्हणाल्या, "करा. पण अंडं माझ्या ओट्यावर नको." वहिनींच्या स्वयंपाकघरात तीस वर्षांत अंडं शिरलेलं नव्हतं. म्हणून ती सगळी मोहीम एक मजला खाली, माझ्या स्वयंपाकघरात उतरली.

हा पदार्थ ऐकायला अगदी गरीब आहे. बटाट्याच्या पातळ चकत्या आणि कांदा भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मऊ शिजवायचा, तेल निथळायचं, फेटलेल्या अंड्यांत सगळं मुरू द्यायचं, आणि लहान खोलगट तव्यात ओतायचं. खालची बाजू धरली की तव्यावर ताटली उपडी घालून सगळं एका झटक्यात उलटं करायचं आणि ताटलीतून अलगद परत तव्यात सोडायचं. भावजींनी हे वहीत उतरवून घेतलं आणि 'एका झटक्यात' या शब्दांखाली लाल रेघ मारली. तवा आणायला मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, मी त्यांच्याबरोबर गेले होते. त्यांनी अकरा तव्यांच्या दांड्या हलवून पाहिल्या, स्क्रू तपासले, एक तवा पाणी भरून हातात धरून उभे राहिले. शेवटी दुकानदार म्हणाला, "भाईसाब, तवा लेना है या नौकरी पे रखना है?" घरी आल्यावर त्यांनी तीन दिवस अंड्याला हातच लावला नाही. गच्चीवर जाऊन ओल्या टॉवेलची जाड घडी तव्यात ठेवायची आणि ताटली लावून उलटायची, असा सराव केला. टॉवेल बत्तीस वेळा नीट उलटला. मग खाली येऊन खरं ऑम्लेट केलं, ते पहिल्याच फटक्याला निम्मं शेगडीवर आणि निम्मं माझ्या पायावर पडलं.

पुढचे दोन आठवडे आमच्या घराने बटाटा आणि अंडं याखेरीज काही खाल्लं नाही. भावजी कामावरून थेट माझ्याकडे यायचे, डोळ्यांना कारखान्यातला चष्मा लावायचे, तेल तापायच्या आधी ओला टॉवेल आणि बारशाचा तो सिलिंडर हाताशी घ्यायचे, अंडी पाण्यात सोडून बुडतात का बघायचे. माझा मुलगा डबा उघडूनच म्हणायला लागला, "खलास, मम्मी. नो मोअर पोटॅटो." कांदा घालायचा की नाही यावर भावजींनी पुतणीला एका दिवसात चार फोन केले. ती म्हणाली, "बाबा, यावरून तिकडे घरं फुटतात. प्लीज, डोन्ट आस्क." तेव्हापासून रोज दोन व्हायला लागली, एक कांद्याचं, एक बिनकांद्याचं. सगळ्यात मोठा घोळ मधल्या भागाचा होता. खरं ऑम्लेट मध्ये जरा ओलसर हवं, हे सगळे सांगत होते. भावजींचं म्हणणं, "ओलसर म्हणजे कच्चं, आणि कच्चं म्हणजे हॉस्पिटल." ते थर्मामीटर खुपसून खुपसून बघायचे, त्यामुळे ऑम्लेटची चाळणी व्हायची. एका शुक्रवारी दुपारी आमच्या दारापासून सलमानियाच्या हॉस्पिटलपर्यंत गाडीने किती मिनिटं लागतात, हेही त्यांनी दोनदा जाऊन मोजून आणलं. पाहुणीला जेवायला बोलावण्याआधी हॉस्पिटलचा रस्ता मोजणारा यजमान मी दुसरा पाहिलेला नाही. आणि गंमत सांगते, पहिल्या आठवड्यात मी हसत होते, दुसऱ्या आठवड्यात मलाच झोप लागेना. ताटली घसरली तर? तेलाचा थेंब अंगावर उडाला तर? ती बाई न खाता उठली तर? काळजी ही सर्दीसारखी असते, एका ओट्याशी दोन आठवडे उभं राहिलं की लागतेच.

तो शुक्रवार उजाडला. वर वहिनींनी वरण-भात, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर असा स्वयंपाक करून ठेवला होता आणि शांतपणे वेणी घालत बसल्या होत्या. खाली भावजींनी बटाटे शिजवले, मुरवले, तव्यात ओतले. खालची बाजू अगदी हवी तशी धरली. त्यांनी ताटली उपडी घातली, डावा हात वर दाबला, उजव्या हाताने दांडी धरली, आणि थांबले. मी आकडे मोजावेत तशी वाट बघत होते. दहा, वीस, तीस. "भावजी, खालून करपेल." ते हलले नाहीत. चष्म्याच्या काचेवर वाफ आली होती.

"अगं," ते हळूच म्हणाले, "तिला तिकडे काही झालं, तर मला इथे कळायला किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, "लगेच कळेल, भावजी. फोन आहे की."

"फोन आहे. पण मी पोचायला? विमान, व्हिसा... मी काढलाय हिशोब. काहीही केलं तरी दीड दिवस. इथे ट्रॅकवरून फोन आला तर मी पंचवीस मिनिटांत सखीरला पोचतो. तिकडचं मला काहीच करता येत नाही गं. काय तपासायचं, तेच कळत नाही."

तीस वर्षं जगाचे नट आवळत फिरणाऱ्या त्या माणसाचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी गॅस बारीक करायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात दार उघडलं. पाहुणे लवकर आले होते. बाबा खाली आहेत म्हटल्यावर पुतणी त्या मुलाला वर वहिनींजवळ बसवून त्याच्या आईला घेऊन सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. आई म्हणजे लहानखुरी, साठीची, पर्स छातीशी धरलेली बाई. दारातच उभी राहून ती तव्याकडे बघायला लागली. भावजी दचकले, आणि दचकून त्यांनी तो झटका दिला.

ऑम्लेट उलटलं. अर्धं ताटलीत आलं, अर्धं शेगडीवर पडलं, आणि आतलं ओलसर अंडं ओट्यावरून ओघळत खाली आलं. भावजी रिकामा तवा धरून असे उभे होते, की कारखाना उडाला असता तरी त्यांचा चेहरा इतका उतरला नसता. "सॉरी," ते म्हणाले. "व्हेरी सॉरी, मॅडम."

ती बाई पुढे आली. पर्स काळजीपूर्वक माझ्या फ्रिजवर ठेवली, ताटलीतला एक तुकडा बोटांनी उचलला आणि तोंडात टाकला. चावला. मग भराभरा काहीतरी बोलायला लागली. पुतणीला चार शब्द येत होते, बाकीचे ती विचारून विचारून आम्हाला सांगत होती. "ती म्हणते, चव बरोबर आहे. म्हणते, तिने आयुष्यात एकदाही हे उलटवलं नाही. शी वॉज आल्वेज स्केअर्ड. तिचे मिस्टर उलटायचे आणि ती बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहायची." बाई पुन्हा बोलली, या वेळी जरा अडखळत. "ती म्हणते, तिला आठवडाभर झोप नाही. तिला वाटत होतं, तुम्ही म्हणाल की आमची मुलगी इतक्या लांब का नेता. म्हणते, मुलगा रेसला गेला की ती दिवसभर फोन हातात धरून बसते."

भावजींनी तवा खाली ठेवला. चष्मा काढला. "विचार तिला," ते म्हणाले, "तो चाक बदलल्यावर नट कोण तपासतं, हे तिला माहीत आहे का."

पुतणीने विचारलं. बाईने दोन्ही हात डोक्याला लावले आणि भावजींच्या तोंडावर जे महिनाभर होतं, तेच सगळं तिच्या तोंडावर आलं. मग दोघंही आपापल्या भाषेत एकदम बोलायला लागली. विमानाचे पंख हलतात का, तिकडच्या घराला गॅसची गळती सांगणारी घंटा आहे का, हिवाळ्यात रस्ता निसरडा होतो का. पुतणी मध्ये उभी राहून डावीकडून उजवीकडे भाषांतर करता करता दमली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ओ गॉड, काकू. देअर आर टू ऑफ देम!"

मोडकं ऑम्लेट घेऊन आम्ही वर गेलो तेव्हा वहिनी दारात होत्या. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "ओट्यावर नको," म्हणाल्या. मग बाजूला होत म्हणाल्या, "टेबलावर चालेल. या आत." मुलाने त्या तुकड्यांतला पहिला घास खाल्ला आणि बराच वेळ मान वर केली नाही. त्याच्या आईने टेबलाखालून त्याचा गुडघा थोपटला. भावजींनी त्याच्या ताटात आणखी दोन तुकडे वाढले, आतून ओले, थर्मामीटर न लावता.

लग्न पुढच्या हिवाळ्यात झालं, आणि मुलगी सासरच्यांबरोबर निघाली त्या सकाळी आम्ही सगळे विमानतळावर गेलो. भावजींनी सूचनांचे दोन पानं भरून मुद्दे लिहून आणले होते. मला वाटलं, मुलीला देतील. त्यांनी ते विहीणबाईंना दिले. पानं इंग्रजीत होती, बाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी ती चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन लावली, आणि ती नीट लागली का हे दोनदा ओढून पाहिलं. ते बघितल्यावर भावजींनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा." परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी विचारलं, "तिकडे आत्ता किती वाजले असतील?" वहिनी म्हणाल्या, "अहो, अजून विमान इथलं हललं नाही." वहिनींनी खिडकीकडे तोंड वळवलं.

भावजी निवृत्त होऊन साताऱ्याला गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. वरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं राहतं, भली माणसं आहेत, भेटली की हसतात. भावजी असताना मी सकाळी कामाला, क्लिनिकला निघाले की ते जिन्यात गाठायचे. पुढचं चाक बसलंय, पाण्याची बाटली घेतलीस का, वळसा घालून जा, पुलाखाली काम चाललंय. मी रोज दहा मिनिटं उशिरा पोचायचे आणि रोज चिडायचे. हल्ली जिन्यात कुणी थांबवत नाही. मी अगदी वेळेवर पोचते, आणि दार उघडायच्या आधी उगाचच थोडा वेळ गाडीत बसून राहते.