टेबलावर न धरलेली चाल

आमचे मास्तर, म्हणजे माझा नवरा, नाकावर माशी बसू देत नाहीत. एकतीस वर्षं नौदलाच्या शाळेत त्यांनी एकच धडा घोटून घेतला: व्यापाराचा रस्ता ज्याच्या हातात, समुद्र त्याचा, आणि तो राखायचा तर मोठी जहाजं विखरू नका, एकत्र ठेवा. जेवतानासुद्धा वाट्या जवळजवळ सरकवून दाखवायचे. "अहो, सांडेल ना!" मी ओरडायची.

गेल्या महिन्यात शाळेतल्या मोठ्या टेबलावर लुटुपुटूची लढाई झाली. पंच हेच. एका चष्मेवाल्या विद्यार्थिनीनं चाळीस छोट्या बोटी सोडल्या. आत माणूस नाही, नुसती स्फोटकं, लांबून चालवायच्या. एकत्र उभ्या ताफ्यातली तीन मोठी जहाजं चहाच्या आधीच बुडाली. मास्तर हट्टाला पेटले. टेबलाचा जुना नियम होता, ज्या बोटीवर कप्तान नाही तिची चाल धरायची नाही. यांनी जहाजं पुन्हा उभी केली, 'ताफा सुखरूप' लिहून सही ठोकली आणि अहवाल वर गेला.

"पोरखेळ नुसता," घरी येऊन म्हणाले. मग घास का घशाखाली उतरत नव्हता, हे मी मेलीनं तेव्हाच विचारायला हवं होतं. टेबलावरचा ताफा ज्या खऱ्या ताफ्याची नक्कल होता, त्यातल्याच एका जहाजावर आमची लेक इंजिनं सांभाळते.

परवा हुकूम सुटला. शत्रूनं रोखलेल्या सामुद्रधुनीतून धान्याची नि तेलाची जहाजं आणायची, ताफ्यानं एकत्र जायचं. आधार यांच्याच अहवालाचा. मास्तरांचा चेहरा पडला.

"रस्त्याचं म्हणणं अजून खरंच आहे गं," ते पुटपुटले. "सगळं जहाजांनीच येतं. पण असं एका जागी उभं राहायचं..."

आज सकाळी धावत शाळेत गेले, निकाल मागे घेतो म्हणाले. साहेब म्हणाले, "सही तुमचीच आहे, मास्तर. ताफा कालच निघाला."

दुपारी लेकीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"बाबा, आत्ताच डेकवर येऊन पाहिलं. अगदी तुमच्या धड्यासारखे उभे आहोत! शेजारच्या जहाजावरची माणसं ओळखू येतात. बरोबर ना?"

अहो बोला, काहीतरी बोला तिच्याशी!

"बरोबर," मास्तर म्हणाले. "बाळा, तू जरा वरच थांब."

"वर कशी थांबू? माझी ड्यूटी सुरू झाली," ती हसली. "जाते खाली."